उतारावर क्लच दाबला की गाडी सुटते

खान्देशातून बाहेर पडायचं म्हटलं की कुठल्या ना कुठल्या घाटाशी गाठ पडतेच. चाळीसगावहून संभाजीनगरकडे निघालात तर कन्नडचा घाट, ज्याला औट्रम घाटही म्हणतात. जळगावहून निघालात तर फर्दापूर सोडल्यावर अजिंठ्याचा. धुळ्याहून मालेगावकडे लळिंगचा, सुरतेकडे कोंडाईबारीचा, इंदूरकडे जाताना पळासनेर मागे पडलं की बिजासनचा. सातपुड्यात तोरणमाळला जायचं तर वळणांना अंतच नाही. आणि मधला सगळा तापीकाठ मात्र सपाट. आपल्याकडच्या बहुतेकांनी गाडी शिकली ती याच सपाटीवर, एमआयडीसीच्या नाहीतर कॉलेजच्या रस्त्याला.

सपाटीवर शिकताना एक सवय लागते. शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याला काळजी असते ती गाडी बंद पडू नये याची. म्हणून तो सांगतो, "थांबायचं असलं की क्लच-ब्रेक दोन्ही दाब." नव्या माणसाला पहिले काही दिवस ते ठीकच आहे. पण लायसन्स हातात आल्यावर ही सवय सोडवायला कोणी शेजारी बसत नाही. मग वर्षानुवर्षं गाडी चालवूनही वेग कमी करायचा म्हटला की डावा पाय आधी खाली जातो आणि उजवा नंतर. चाळीसच्या वेगात, सपाट डांबरीवर त्यानं फारसं बिघडत नाही. चैत्रात सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना, गाडीत पाच माणसं, डिकीत सामान आणि पुढे पायी चालणारे भाविक असताना फार बिघडू शकतं. का, ते कळायला क्लच आणि ब्रेक आतून काय करतात हे एकदा समजून घ्यायला हवं. ते अवघड नाही.

क्लच: जोडणं, तोडणं आणि मधलं घासणं

इंजिन चालू असेपर्यंत फिरतच राहतं. चाकांना मात्र थांबावं लागतं. या दोघांमधला दुवा म्हणजे क्लच. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड लोखंडी चकती असते. तिला टेकून क्लच प्लेट बसते, जिच्या दोन्ही अंगांना घर्षणासाठी खरखरीत अस्तर असतं. मागून प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोरावर क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडलवर पाय नसतो तेव्हा तिन्ही एकत्र फिरतात आणि इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत जातो. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगला रेटतं, दाब सुटतो, क्लच प्लेट मोकळी होते. इंजिन वेगळं, चाकं वेगळी.

या दोन टोकांच्या मध्ये आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो ती जागा आहे. तिथे प्लेट पुरती धरलेलीही नसते आणि पुरती सुटलेलीही नसते, ती घासत असते. उभी गाडी हलवायची तर हे घासणं लागतंच, कारण फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं यांना झटक्यात जोडलं तर गाडी गचका खाऊन बंद पडेल. दोन-तीन सेकंदांच्या घासण्यासाठीच ते अस्तर दिलेलं आहे. तेच घासणं मिनिटभर चाललं तर अस्तर जळतं. तो वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही: करपलेला, घशात बसणारा, एसी चालू असला तरी आत येणारा.

जळलेली क्लच प्लेट मेकॅनिकच्या हातात एकदा नीट बघावी. नव्या प्लेटच्या अस्तरात ठळक खाचा असतात आणि रिव्हेटची डोकी अस्तरात खोल बसलेली असतात. जळलेल्या प्लेटवर खाचा पुसून गेलेल्या दिसतात, पृष्ठभाग गुळगुळीत काळा झालेला असतो, रिव्हेट वर डोकावत असतात आणि समोरच्या प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे डाग पडलेले असतात. लोखंड किती तापलं होतं ते त्या रंगावरून कळतं. मेकॅनिक प्लेट उलटी-पालटी करून दाखवतो, "जळी गयी भाऊ, पूर्ण जळी गयी," आणि त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गाडी चालवताना डावा पाय कुठे असतो?

उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. क्लचवर. दाबलेला नसतो, नुसता टेकवलेला. जळगावला आकाशवाणी चौकातून अजिंठा चौफुलीकडे सरकताना किंवा धुळ्यात पाचकंदीलच्या गर्दीत वाटतं की क्लच सारखा लागणारच आहे, तर पाय तिथेच असू द्यावा. पण पायाचं वजन पेडलला कळतं. स्प्रिंगवरचा दाब थोडा हलका होतो, रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहतं आणि जोर लागला की प्लेट जराशी घसरते. म्हणून गिअर बदलून झाला की डावा पाय उचलून डावीकडच्या फूटरेस्टवर ठेवायचा. ज्या गाडीत फूटरेस्ट नाही तिथे सरळ खाली जमिनीवर. सिग्नलला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल करून हँडब्रेक ओढावा आणि क्लच सोडून द्यावा. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून वाट बघत बसण्यात काही मिळवलं जात नाही, आणि मागून कोणी ठोकलं तर पाय निसटून गाडी पुढे उडी मारते ते वेगळंच.

हाफ क्लच सापडण्याची जागा प्रत्येक गाडीत थोडी वेगळी असते. ती शोधायची रीत साधी आहे. मोकळ्या सपाट जागी पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरला हातच लावू नका, म्हणजे पायच, आणि क्लच अगदी सावकाश सोडत या. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो, सीटला बारीक थरथर जाणवते आणि बॉनेट जरासं उचलल्यासारखं होतं. तीच ती जागा. पाय तिथेच एक-दोन सेकंद धरा, गाडी आपोआप सरकू लागेल, मग उरलेला क्लच सोडा. ज्याच्या पायाला ही जागा पाठ झाली त्याला घाटातली सुरुवात कठीण जात नाही.

ब्रेक: वेग कुठे जातो

ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला आवळतात आणि गाडीच्या वेगातली सगळी ऊर्जा उष्णतेत बदलते. ती उष्णता चकतीत, पॅडमध्ये आणि तिथून हवेत जाते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० चा वेग ८० झाला तर वेग दुप्पट झाला, पण ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा चौपट झाली. थांबायला लागणारं अंतरही त्याच हिशोबानं वाढतं.

आकडे मांडूनच बघू. समोर काही आलं हे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर, बऱ्या टायरवर, जोरात ब्रेक मारला तर पुढे आणखी सुमारे २० मीटर. एकूण ३७. हेच ८० ला ५८ मीटर आणि १०० ला ८४ मीटर होतं. ओल्या रस्त्यावर पकड साठ टक्क्यांच्या आसपासच उरली असं धरलं तर ८० च्या वेगालाच ८५ मीटर लागतील. आता अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर चोपडा ते यावल दरम्यान संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. पुढे केळीचे घड भरलेली किंवा कापसाची थप्पी लावलेली ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. आपला लो बीमचा उजेड जेमतेम ४०-५० मीटरपर्यंत कामाचा. म्हणजे ८० नं चालणाऱ्याला ती ट्रॉली दिसेल तोवर थांबण्याइतकं अंतर उरलेलंच नसेल, त्याचे ब्रेक कितीही नवे असोत. अंधारात तिथे ५०-६० च्या वर जाऊच नये असं मला ठामपणे वाटतं.

ब्रेक दाबण्याचीही एक रीत आहे. टाच जमिनीला टेकलेली, पुढचा पाय पेडलवर. पहिला दाब हलका, लगेच पुढे भक्कम, आणि गाडी थांबता थांबता शेवटच्या एक-दोन मीटरला थोडा सैल. पहिल्या हलक्या दाबाचं कारण असं की ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं. ते वजन बसलं की टायरची पकड वाढते आणि मग जोर दिला तर तो कामी येतो. शेवटी थोडा सैल सोडला की मान पुढे-मागे झटकत नाही. मागे बसलेल्या आईच्या मांडीवरचा डबा सांडत नाही.

क्लच या सगळ्यात कुठे येतो? शेवटी. तुम्ही चौथ्या गिअरमध्ये ६० ला आहात आणि पुढे गतिरोधक आहे. नुसता ब्रेक दाबा. क्लच जोडलेला असल्यानं इंजिनही गाडीला मागे ओढतं, म्हणजे ब्रेकला मदतच होते. वेग उतरत जातो, आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, हजाराच्या आसपास येतो, इंजिन घुरघुरायला लागतं. तेव्हा क्लच दाबायचा आणि पुढच्या वेगाला शोभेल तो गिअर टाकायचा. आधीच क्लच दाबला तर इंजिनाची ओढ गेली, गाडी मोकळी धावू लागली आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर आला. अगदी सुरुवातीच्या क्षणाला तर पायाखाली वेग वाढल्याचा भास होतो, आणि घाबरलेला माणूस मग ब्रेक वेडावाकडा मारतो.

एकदम समोर काही आलं तर? म्हैस, कुत्रं, गल्लीतून सुसाट आलेली मोटारसायकल. तेव्हा हिशोबाला वेळ नसतो. ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबा, क्लच शेवटी. घाबरून दोन्ही एकदम दाबले गेले तरी मोठं नुकसान नाही. इंजिन बंद न पडण्याचा फायदाच होतो. नुकसान होतं ते डावा पाय पूर्ण खाली आणि उजवा अर्ध्यावर राहिला तर. भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. ते असलं की जोरात ब्रेक मारताना पेडल पायाखाली थडथडतं, करकर आवाज येतो. बरेच जण त्या थरथरीनं दचकून पाय सैल सोडतात. सोडू नका. चाकं अडकून घसरू नयेत म्हणून एबीएस दाब भराभर कमी-जास्त करत असतं. तुमचं काम पेडल दाबून ठेवणं आणि स्टिअरिंगनं गाडीला मोकळ्या जागेकडे नेणं एवढंच. जुन्या, एबीएस नसलेल्या गाडीत चाक अडकलं असं जाणवलं तर क्षणभर दाब कमी करून पुन्हा द्यावा लागतो, कारण अडकलेलं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही.

घाट उतरताना

समजा उतार उंचीनं ३०० मीटरचा आहे. एवढं खाली येताना गाडीची जी ऊर्जा सुटते ती सगळी ब्रेकनंच गिळायची ठरवली, तर ते ८० च्या वेगातून गाडी पूर्ण थांबवण्यासारखं आहे, तेही लागोपाठ बारा वेळा. मधे गार व्हायला फुरसत नाही. पुढची चाकं तापतात, पॅडच्या मसाल्यातून वायू सुटू लागतो, पॅड आणि चकती यांची पकड कमी होते. पेडल तेवढंच दाबलं तरी गाडी कमी थांबते. ब्रेक 'फेड' होणं म्हणतात ते हे.

दुसरा धोका ब्रेक ऑइलचा. आपण त्याला ऑइल म्हणत असलो तरी बहुतेक गाड्यांमधलं हे द्रव हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेतं. डॉट-४ प्रकारचं नवं द्रव कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेलं तेच द्रव १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल मऊ पडत पडत तळाला जातं आणि चाकाला काहीच पोचत नाही. जळगाव-भुसावळकडचा मे महिना, ४५ अंशांची हवा आणि भरलेली गाडी असली की चकत्यांना गार व्हायला आणखी वेळ लागतो. म्हणूनच हे द्रव दर दोन वर्षांनी बदलून घ्यावं. गाडी जास्त पळाली नाही म्हणून ते टिकत नाही, कारण ओलावा किलोमीटर मोजत नाही.

ब्रेकचं हे ओझं कमी करणारा भिडू प्रत्येक गाडीत फुकट दिलेला आहे: इंजिन. ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडी खालच्या गिअरमध्ये असली की चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना अडवतं. बैलगाडी उतारावर असताना बैल मागे रेटून गाडीचा भार तोलून धरतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. उतारावर क्लच दाबणं म्हणजे मधेच बैल सोडून देणं.

गिअर कोणता? ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता तोच. कन्नड किंवा तोरणमाळसारख्या घाटात छोट्या गाडीला बहुतेक ठिकाणी दुसरा, अरुंद वळणावर कधी पहिला, पसरट उतारावर तिसरा. दुसऱ्या गिअरमध्ये ३०-४० च्या वेगाला इंजिन दोन ते तीन हजार आरपीएमवर गुरगुरतं. त्या आवाजाला घाबरून लोक वरचा गिअर टाकतात. घाबरायचं कारण नाही; पेट्रोल गाडीच्या आरपीएम मीटरवरची धोक्याची लाल रेघ बहुधा सहा हजारांच्या आसपास असते, डिझेलची थोडी खाली. तीन हजारांवर इंजिनाला काही होत नाही.

गिअर उतार सुरू व्हायच्या आधी उतरवायचा. उतारात वेग वाढल्यावर आठवण झाली, तर आधी ब्रेकनं वेग कमी करा, मग क्लच दाबून झटकन खालचा गिअर टाका आणि क्लच हळूच सोडा. सोडताना ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श दिला तर इंजिनाचा वेग चाकांच्या वेगाशी जुळतो आणि गचका बसत नाही. वेग कमी न करता खालचा गिअर कोंबला तर पुढची चाकं झटका खातात. ओल्या वळणावर तेवढ्यानंही गाडी घसरू शकते.

मग ब्रेक कधी वापरायचा? वळणाआधी, सरळ रेषेत, आणि ठोसपणे. गाडी मंद झाली की पाय काढून घ्यायचा, म्हणजे चकत्यांना हवा लागते. वळणात शिरल्यावर क्लच दाबायचा नाही आणि जोरात ब्रेकही मारायचा नाही, कारण टायरची पकड वळण घेण्यातच खर्च होत असते. उतारभर पाय ब्रेकवर हलका टेकवून ठेवणारे बरेच असतात. त्यांना वाटतं आपण सावध आहोत. ते खरंतर पॅड सतत तापवत असतात, आणि मागच्याला लाल दिवा सारखा दिसत राहिल्यानं खरा ब्रेक कधी लागला ते कळत नाही.

आता न्यूट्रलबद्दल. "उतारावर न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं" हे वाक्य आपल्याकडे अजूनही ऐकू येतं, आणि मला त्याची मनापासून भीती वाटते. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटर सुटलेला असला की इंधनच तोडतात. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला चालू राहायला इंधन लागतंच. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट थोडं जास्त जातं. काही जण त्यापुढे जाऊन चावीच फिरवतात. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर चालतो, डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा पंप असतो. इंजिन बंद झालं की साठलेल्या निर्वातावर एक-दोन दाब मिळतात, मग पेडल दगड होतं. पॉवर स्टिअरिंग जड पडतं. चावी पूर्ण मागे गेली तर स्टिअरिंग अडकू शकतं. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर नव्या पोराला बजावतात, "उतारवर गाडी गिअरमाच ठेव भाऊ." त्यांचं ऐकावं.

४ जुलै २०२३ ला बिजासन उतरून आलेला एक कंटेनर पळासनेरला महामार्गावरच्या गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. अवजड गाडीचे ब्रेक आणि आपल्या कारचे ब्रेक वेगळे असतात, पण लांब उतार दोघांनाही सारखाच तापवतो. घाटाच्या पायथ्याशी, उतरत्या ट्रकच्या समोर गाडी उभी करून चहा घेऊ नये, एवढं तरी आपण पाळू शकतो. थांबायचंच तर रस्त्यापासून चांगलं आत, उताराच्या सरळ रेषेपासून बाजूला.

चढावर थांबल्यावर

घाटात रांग लागली आणि चढावर थांबावं लागलं की नव्या माणसाला घाम फुटतो. बरेच जण गाडी हाफ क्लच आणि ॲक्सिलरेटरवर लटकवून ठेवतात. वर सांगितलेला करपट वास बहुधा इथलाच असतो. गाडी धरून ठेवायला हँडब्रेक आहे. तो पूर्ण ओढा, न्यूट्रल करा, दोन्ही पायांना विश्रांती द्या.

निघताना पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटर थोडा द्या, क्लच सोडत पाठ केलेल्या त्या जागी आणा. आवाज खाली बसला, बॉनेट उचललं, मागचा भाग किंचित दबला की समजायचं गाडीनं पकड घेतली. मग हँडब्रेक सोडा. गाडी मागे येणार नाही. मागे आलीच तर घाबरून क्लच दाबू नका, त्यानं ती आणखी सुटेल. ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा आणि पहिल्यापासून करा. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्या.

पुढच्या गाडीपासून, विशेषतः भरलेल्या ट्रकपासून, तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेवा. ती फूट-दोन फूट मागे येणारच असं धरून चालावं. अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियमही आहे आणि शहाणपणही. उतरणाऱ्याला पुन्हा निघणं सोपं असतं.

पाऊस आणि काळी माती

आपली काळी माती पावसात फसवते. जूनमध्ये ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर चढतो आणि चाकांची माती पन्नास-शंभर मीटर डांबरावर सांडत जातो. वरून झिमझिम पडली की तो पट्टा तेल ओतल्यागत होतो. धो-धो पावसापेक्षा ही झिमझिम वाईट, कारण जोराचा पाऊस माती धुऊन तरी नेतो. असा तपकिरी-काळा पट्टा लांबून दिसला की ब्रेक त्याच्या अलीकडे, कोरड्या डांबरावर मारून घ्या. पट्ट्यावर ब्रेक नाही, क्लच नाही, गिअर बदलणं नाही. हलक्या ॲक्सिलरेटरवर सरळ निघून जा. नाल्याच्या फरशीवरून पाणी तुडवून बाहेर आलात तर पुढे रिकामा रस्ता बघून चालत्या गाडीत ब्रेक दोन-चारदा हलका दाबा. चकत्या सुकतात, आणि पकड परत आली का तेही कळतं.

पेडल तळाला गेलं तर

आधी क्लचवरून पाय काढा. गाडी गिअरमध्ये राहू द्या. ब्रेकचं पेडल भराभर पंप करा. बुडबुड्यांमुळे झालं असेल तर थोडा दाब परत मिळू शकतो. एकेक गिअर खाली आणा, चौथ्यावरून थेट पहिल्यात नको. हँडब्रेक हळूहळू ओढा, बटण दाबून धरून, म्हणजे मागची चाकं अडकू लागली तर लगेच सैल करता येईल. नव्या गाडीत हँडब्रेकच्या जागी बटण असेल तर ते ओढून धरून ठेवलं की बहुतेक गाड्या आपणहून वेग कमी करतात. तुमच्या गाडीचं पुस्तक एकदा उघडून पाहा. दिवे लावा, हॉर्न दाबून धरा. इंजिन बंद करू नका. एवढं करूनही थांबत नसेल तर दरीच्या उलट बाजूला, डोंगराच्या कडेला, मातीच्या ढिगाला किंवा झुडपांना गाडी घासत न्या. पत्रा चेपेल. तो बदलता येतो.

ही वेळ यायच्या आधी गाडी बरेचदा इशारा देते. पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागणं, स्पंजासारखं मऊ लागणं, दाबताना किंचाळल्यासारखा आवाज, एका बाजूला ओढ, चाकाजवळून तीव्र वास. घाटात यातलं काहीही जाणवलं तर पहिल्या सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा तास तरी गाडी गार होऊ द्या. तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नका, ती वाकते.

राहता राहिली पायाखालची जागा. सैल चप्पल ब्रेकच्या कडेला अडकते; ती काढून शेजारच्या सीटखाली ठेवा किंवा मागे पट्टा असलेली सँडल घाला. एकावर एक दोन मॅट टाकू नका. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी कधीही नको. उतारावर ती घरंगळत पेडलखाली जाते. सीट इतकी पुढे हवी की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही डावा गुडघा थोडा वाकलेला राहील. पाय पूर्ण ताणून ज्याला क्लच दाबावा लागतो त्याला हाफ क्लचची जागा कधी सापडत नाही आणि जोरात ब्रेक मारायला मांडीत जोर राहत नाही.

सराव करायचा तर रविवारी सकाळी एमआयडीसीचा रिकामा रस्ता पुरतो. मागे-पुढे कोणी नाही हे पाहून ४० च्या वेगातून डाव्या पायाला फूटरेस्टवरच ठेवत फक्त ब्रेकवर १५ पर्यंत या, मग क्लच. सुरुवातीला डावा पाय आपोआप उठेल. आठवडाभर रोजच्या रस्त्यावर, गतिरोधकापाशी, एवढं एकच लक्षात ठेवून चालवलं तर त्याचं उठणं कमी होतं. त्यानंतर घरच्यांना घेऊन घाटाला जा, आणि जायच्या आधी गॅरेजला ब्रेक द्रव, पॅडची जाडी आणि हँडब्रेकची पकड बघून घ्या.